मिस्ट चेंबर: सेन्सर म्हणतो ९९.९ टक्के आणि काड्या वाळल्या

दादाचा_धाकटा | रविवार, रात्री ९:४२

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, पाल्हाळ झाला तर सांभाळून घ्या.

उरुळी कांचनजवळ आमच्या थोरल्या बंधूंची नर्सरी आहे. पुण्याहून सोलापूर रस्त्याने गेलेल्यांना सोरतापवाडीपासून रस्त्याच्या कडेला लागलेल्या नर्सऱ्यांच्या रांगा आठवत असतील, त्यातलीच एक. मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवार जातो. दादा काड्या लावतो, मी तारा लावतो, अशी वाटणी आहे.

काड्यांना मुळ्या फुटेपर्यंत ओलं ठेवायला ३० बाय १२ फुटांचं मिस्ट चेंबर आहे. वर २०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, त्यावर ५० टक्क्यांची हिरवी नेट, आत बारीक तुषार उडवणारे चार तोंडांचे १२ फॉगर. जास्वंद, बोगनवेल, एक्झोरा, मोगरा. आधी एक पोरगा दर थोड्या वेळाने कॉक फिरवायचा. तो कॉलेजला गेला आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

मी ईएसपी-३२ (प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड) घेतला, त्याला तापमान-आर्द्रता मोजणारा डीएचटी-२२ सेन्सर, रिले (विजेने चालणारा स्विच) आणि २४ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारा कॉक). नियम सोपा ठेवला: आर्द्रता ८५ च्या खाली गेली की फॉगर चालू, ९२ ला बंद. तापमान ३२ च्या वर गेलं तरी फॉगर चालू, सोबत एक्झॉस्ट पंखा. तीन आठवडे झकास चाललं. मी मित्रांना मोबाइलवर आलेख दाखवत हिंडत होतो.

मंगळवारी दादा गाडी भरून पुण्याला गेला. दुपारी ऑफिसात बसून पाहिलं तर आर्द्रता ९९.९. म्हटलं, वा! संध्याकाळी दादाचा फोन, की जास्वंदीच्या बहुतेक सगळ्या काड्यांनी माना टाकल्यात. नोंदी काढून बघितल्या तर सकाळी ११:१० नंतर फॉगर एकदाही चालला नव्हता. सेन्सर ९९.९ वर जो अडकला तो अडकलाच. तापमान ३२ च्या वर होतं, पण 'आर्द्रता ९५ च्या वर असेल तर फॉगर नको' अशी अट मीच शहाणपणा करून घातली होती.

दादा रागावला नाही. 'तुझ्या मोबाइलला ओलं दिसत होतं, माझ्या हाताला कोरडं लागलं,' एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

तर विचारायचं ते असं: सेन्सर कोणता घेऊ, आकडे किती ठेवू, आणि वहिनी म्हणते तसं सगळं काढून टायमर लावू का?

---

टायमरच_बरा | रविवार, रात्री १०:०५

वहिनींना माझा साष्टांग नमस्कार सांगा. सायक्लिक टायमर आणा, ८ सेकंद चालू, १० मिनिटं बंद, रात्री बंद. विषय संपला.

---

तांब्याची_तार | रविवार, रात्री ११:३०

टायमरला नावं ठेवणार नाही, पण आधी मढं कशानं पडलं ते बघू.

डीएचटी-२२ च्या आत पाणी शोषणारा पातळ थर असतो, त्याची विद्युतधारिता मोजून आर्द्रता काढतात. त्यावर दव बसलं की वाचन टोकाला जातं आणि थर सुकेपर्यंत तिथेच राहतं. बैठकीच्या खोलीसाठी तो ठीक आहे, मिस्टमध्ये टिकत नाही. एसएचटी-३१ घ्या, पांढऱ्या गाळणीची टोपी बसवलेला. त्याच्या आत छोटा हीटर असतो, अधूनमधून तो चालवून दव उडवता येतं. मात्र हीटर चालू असतानाचं वाचन धरायचं नाही.

पण एक सांगा, सेन्सर टांगलाय कुठे?

---

दादाचा_धाकटा | सोमवार, सकाळी ७:१५

मधल्या खांबाला, जमिनीपासून चार फुटांवर. उघडाच आहे. बरोब्बर दोन फॉगरच्या मध्ये. (हे लिहितानाच उत्तर कळायला लागलंय.)

---

तांब्याची_तार | सोमवार, सकाळी ७:५०

म्हणजे सकाळी त्याच्या अंगावर पाणी आणि दुपारी ऊन. उन्हातला सेन्सर हवेचं तापमान सांगतच नाही, स्वतःचं सांगतो. पांढरा पीव्हीसी पाइप घ्या, साधारण फूटभर, त्याच्या एका टोकाला संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा लावा, हवा आत ओढणारा. सेन्सर पाइपच्या मध्यात. पाइप काड्यांच्या उंचीवर आडवा, तोंड फॉगरकडे नको. हवामान खात्याची उपकरणं पट्ट्यांच्या पांढऱ्या पेटीत का ठेवतात, त्याचं कारण हेच.

---

काजूबोंडू | सोमवार, सकाळी ९:२०

सावंतवाडीहून लिहितोय. आमचं काम काजू कलमांचं, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७. मृदकाष्ठ कलम (कोवळ्या रोपाच्या खोडावर) बांधतो, वर प्लास्टिकची टोपी घालतो आणि सावलीत ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी नाशिककडच्या एका दोस्ताने सांगितलं म्हणून मीही फॉगर लावले, '३२ च्या वर गेलं की चालू' हाच नियम. मे महिन्यात दिवसभर फॉगर धावले आणि तापमान एका अंशाने हललं नाही. मातीत पाणी साचलं, कलमांच्या बुंध्याशी बुरशी. दोस्ताकडे तोच नियम उत्तम चालत होता. मला वाटलं माझ्या जोडणीत गडबड आहे. मग कोणीतरी समजावलं की गडबड हवेत आहे!

---

तांब्याची_तार | सोमवार, दुपारी १:१०

काजूबोंडू, धाग्याची गाठ तुम्ही बरोबर पकडलीत.

पाणी उडून हवा गार होते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्या मर्यादेला ओल्या फडक्याचं तापमान म्हणा: थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा येतो तो. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर तो येतो सुमारे २३. म्हणजे देशावर मे महिन्यात खाली जायला १७ अंशांची जागा आहे. कोकणात ३३ अंश आणि ७५ टक्के असेल तर तो येतो २९. फक्त चार अंशांची जागा, आणि प्रत्यक्षात त्यातलेही दोनच मिळाले तर नशीब. तिथे फॉगर लावणं म्हणजे घामाघूम माणसाच्या अंगावर ओली शाल घालणं.

पण उरुळीवाल्यांनी लगेच खूश होऊ नका, तुमच्यासाठी दुसरा हिशोब आहे. ३० बाय १२ फूट म्हणजे सुमारे ३३ चौरस मीटर. दुपारी नेट आणि कागद यांतून दर चौरस मीटरला ४०० वॅट ऊन आत आलं असं धरू. म्हणजे १३ किलोवॅट. जणू आत तेरा इस्त्र्या चालू आहेत. एक लिटर पाणी पूर्ण उडायला ०.६७ युनिट उष्णता लागते. ही सगळी उष्णता पाण्यानेच न्यायची तर तासाला १९-२० लिटर पाणी *उडालं* पाहिजे. पडलं पाहिजे असं म्हणत नाही.

आता तुमचे फॉगर. चार तोंडांचा फॉगर चार किलो प्रेशरला तासाला २८ लिटरच्या आसपास देतो. १२ फॉगरचे झाले ३३६ लिटर, म्हणजे आठ सेकंदांना पाऊण लिटर. दर दहा मिनिटांनी आठ सेकंद हा सर्वसाधारण हिशोब धरला तर तासाला साडेचार लिटर. कुठे वीस आणि कुठे साडेचार! आणि तापमानासाठी फॉगर वाढवत नेलेत तर न उडालेलं पाणी काड्यांच्या बुडाशी. शिवाय कागद बंद असेल तर आतली हवा ओलीगच्च झाल्यावर पाणी उडणंच थांबतं.

म्हणून माझं मत: मिस्टचं काम पान ओलं ठेवायचं. गारव्याचं काम सावली आणि हवा खेळती ठेवण्याचं. ही दोन कामं एका नियमात बांधलीत तिथेच चुकलं. सेन्सर बिघडला हे निमित्त झालं.

---

कुंडीभर_बाग | सोमवार, दुपारी २:००

वाचतेय. माझ्या बाल्कनीत एकच मॉन्स्टेरा आहे, त्यासाठी एवढं सगळं करावं लागेल का?

---

टायमरच_बरा | सोमवार, दुपारी २:०४

ताई, तुम्ही आधी त्याच्या तळाशी साचलेलं पाणी ओतून टाका. न बघता सांगतोय.

---

कुंडीभर_बाग | सोमवार, दुपारी २:३१

साचलेलं होतं. 😐

---

पश्चिमभूमी | सोमवार, रात्री ११:५५

मी नेदरलँड्समध्ये वेस्टलँड भागात काचगृहांच्या कंट्रोल सिस्टिमवर काम करतो, मूळचा बारामतीचा. तांब्याची_तार यांचा हिशोब पटला. आर्द्रतेच्या टक्क्यांबद्दल थोडी भर घालतो.

टक्के फसवे असतात. २५ अंशांना ७० टक्के आर्द्रता असेल तर पानातून पाणी ओढण्याची हवेची ताकद ०.९५ किलोपास्कल. ३५ अंशांना तेच ७० टक्के असतील तर १.६९. आकडा तोच, ओढ पावणेदोन पट. म्हणून इथे कोणी नुसत्या टक्क्यांवर भरवसा ठेवत नाही, बाष्पदाबातली तूट, म्हणजे हीच ओढ, बघतात.

त्याहून मोठी मेख पुढे आहे. पानाच्या आतली हवा जवळपास संपृक्त असते आणि तीही *पानाच्या* तापमानाला. समजा आतली हवा ३० अंश आणि अगदी १०० टक्के ओली आहे, पण ऊन लागून पान ३५ ला पोचलंय. तरी ओढ सुमारे १.४ किलोपास्कल शिल्लक राहते. सेन्सर खरंच चांगला असता, खरंच शंभर दाखवत असता, तरी जास्वंदीची काडी सुकत राहिली असती. मुळ्या नाहीत, खालून पुरवठा नाही, आणि वरून ऊन पाणी खेचतंय.

इथले शेतकरी पाणी देताना उन्हाची बेरीज करतात. दर चौरस सेंटीमीटरवर इतके ज्यूल पडले की एक पाळी. ढग आले तर पाळी आपोआप लांबते. काड्यांच्या मिस्टला हेच तत्त्व लागू पडतं. त्यासाठी महागडं काही नको. छोटी सोलर प्लेट, तिच्या दोन टोकांमध्ये कमी ओहमचा रेझिस्टर, आणि त्यावरचा व्होल्टेज ईएसपीने मोजायचा. तो व्होल्टेज उन्हाच्या प्रमाणात हलतो. दर सेकंदाला बेरीज करत राहा, ठरावीक बेरीज झाली की आठ सेकंद मिस्ट, आणि बेरीज शून्य.

---

टायमरच_बरा | मंगळवार, सकाळी ८:१०

हे मात्र आवडलं. म्हणजे हा टायमरच, फक्त घड्याळाऐवजी सूर्यावर चालणारा. मी जिंकलो असं समजतो.

---

वाईची_माळीण | मंगळवार, सकाळी १०:४०

भाऊ, एवढी चर्चा झाली पण पाण्याचं कोणी विचारलं नाही. बोअरचं आहे का? उरुळीच्या बाजूला क्षार असणारच. आमच्याकडे पहिल्या वर्षी पानांवर पांढरे डाग पडायचे, मी बुरशी समजून औषध मारत बसले. क्षार होते ते. फॉगरची तोंडंही त्यानेच चोंदतात. मग बारापैकी चार फॉगर नुसते थुंकतात आणि त्यांच्याखालच्या काड्या रोज वाळतात. तुमच्या सेन्सरला हे कधीच कळणार नाही, कारण तो खांबाजवळ आहे. कोपरा वाळला तरी त्याला सगळं आलबेल.

डिस्क फिल्टर लावा, आठवड्याला धुवा. तोंडं काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकली तरी साफ होतात. तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. जमलं तर शेडच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत धरा, मिस्टला त्यासारखं पाणी नाही.

आणि फॉगरला ठिबक थांबवणारा व्हॉल्व्ह आहे ना? नसेल तर बंद झाल्यावर नळीतलं सगळं पाणी सगळ्यांत खालच्या फॉगरमधून टपटपतं. त्याच्याखालचा ट्रे कायम चिखल. मर (काड्या कुजण्याचा रोग) तिथूनच सुरू होते.

दुसरं म्हणजे, मुळी फुटल्यावर मिस्ट कमी करत आणावं लागतं. ज्या काडीला अठरा दिवस दर दहा मिनिटांनी पाणी मिळालं ती एकदम बाहेर काढली तर दोन दिवसांत जाते. आम्ही शेवटच्या आठवड्यात अंतर वाढवत वाढवत तासावर नेतो. तुमच्या प्रोग्राममध्ये 'आज कितवा दिवस' हे आहे का?

---

दादाचा_धाकटा | मंगळवार, दुपारी १:२५

ताई, नाही. ते दादाच्या डोक्यात आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, 'काडी हलकेच ओढून बघतो, धरून ठेवते का ते.' हे कोडमध्ये कसं लिहू?

पाणी बोअरचंच. ठिबक थांबवणारे व्हॉल्व्ह बारापैकी सातच निघाले, बाकीचे साफ करताना कोणीतरी काढून ठेवलेत. कोणीतरी म्हणजे मीच असणार.

---

तांब्याची_तार | मंगळवार, रात्री ९:००

आता विजेचं थोडं. सोलेनॉइड २४ व्होल्ट एसीचा असेल तर रिलेच्या टोकांवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जोडी टाका. नाहीतर दर वेळी ठिणगी उडून टोकं चिकटतात. चिकटलेला रिले म्हणजे रात्रभर मिस्ट. पंप सरळ रिलेवर घेऊ नका, त्यावर दहा अँपिअर छापलेलं असलं तरी. मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा रिले) हवा.

आणि सेन्सर खोटं बोलणारच, हे धरूनच प्रोग्राम लिहा. वाचन आलं नाही, किंवा अर्धा तास दशांशसुद्धा हललं नाही, तर सेन्सरला सुट्टी आणि टायमर चालू. एका वेळी २० सेकंदांच्या वर फॉगर चालणार नाही, काहीही झालं तरी. ईएसपी स्वतःच गोठला तर त्याला पुन्हा सुरू करणारा वॉचडॉगही लावा.

लाइट जाते तेव्हा काय करता?

---

दादाचा_धाकटा | मंगळवार, रात्री ९:२०

सिंगल फेज बहुतेक असते. गेली तर वहिनी झारी घेऊन जाते.

---

काजूबोंडू | बुधवार, सकाळी ८:३५

बॅटरीवरच्या फवारणी पंपाची मोटर असते ना, १२ व्होल्टची, ती घ्या. प्रेशर पुरतं, पण बाराही फॉगर एकदम ओढणार नाही. तुम्हाला मिनिटाला साडेपाच लिटर लागतात, ती मोटर त्याच्या निम्म्याच्या आसपास देते. लाइन दोन भागांत करा, आधी डावे सहा, मग उजवे सहा. आम्ही कलमांवर हेच वापरतो. वहिनींची झारी सुटेल.

---

वाईची_माळीण | बुधवार, सकाळी ९:१०

अवांतर: झारी सुटली तरी वहिनींनी चक्कर सोडू नये. चारदा आत गेलं की कोपरे दिसतात.

---

पश्चिमभूमी | बुधवार, रात्री १०:१५

आणखी एक जुनी युक्ती आठवली. तारेच्या बारीक जाळीचा तळहाताएवढा तुकडा एका तराजूच्या दांडीवर काड्यांमध्येच ठेवतात. मिस्ट पडलं की जाळीवर पाणी धरतं, ती जड होऊन खाली जाते आणि स्विच बंद. ऊन-वाऱ्याने पाणी उडालं की जाळी हलकी होऊन वर येते, स्विच चालू. याला इंग्रजीत स्क्रीन बॅलन्स म्हणतात. ऊन, वारा, आर्द्रता, तापमान यांचा वेगवेगळा हिशोबच करावा लागत नाही, जाळी पानाच्याच जागी बसून पानासारखी सुकते. क्षार साचले की मात्र ती कायमची जड होते, म्हणून धुवावी लागते.

---

दादाचा_धाकटा | चार आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८:३०

मंडळी, हिशोब द्यायला आलोय.

तापमानाचा नियम मिस्टपासून तोडला. तापमानावर आता फक्त एक्झॉस्ट पंखा चालतो, आणि समोरच्या बाजूचा कागद दादाने अडीच फूट वर गुंडाळून तिथे जाळी लावली. नेटवर दुपारपुरती दुसरी नेट ओढतो, ती हातानेच. नुसत्या एवढ्यानेच दुपारचं तापमान जेवढं उतरलं तेवढं फॉगरने कधी उतरलं नव्हतं. त्याचा मला जरा रागच आला, कारण यात माझी एकही तार नाही.

मिस्ट सोलर प्लेटच्या बेरजेवर चालतं. भर दुपारी साधारण सात मिनिटांनी, सकाळी आठ वाजता पाऊण तासाने, ढग आले तर गप्प. एसएचटी-३१ पांढऱ्या पाइपमध्ये आहे, पण तो आता फक्त नोंदी ठेवतो, त्याच्या हातात कॉक नाही. बेरीज बिघडली तर टायमर. टायमरच_बरा काका, तुमचं नाव मी कोडमध्ये टिप्पणी म्हणून लिहिलंय.

दिवसांचं असं केलं: प्रत्येक वाफ्याला एक बटण. दादाने काडी ओढून बघितली आणि तिने धरलं, की बटण दाबायचं. तिथून पुढे त्या वाफ्याचं अंतर रोज वाढत जातं. म्हणजे ते कोडमध्ये लिहायची गरजच पडली नाही, दादाच सेन्सर झाला. त्यासाठी लाइन चार भागांत करावी लागली, बॅटरीच्या मोटरलाही ते सोयीचं पडलं.

जास्वंद पुन्हा लावली. काल सहज दहा काड्या उपटून पाहिल्या, सातांना मुळ्या. दादा म्हणाला, पोरगा कॉक फिरवायचा तेव्हाही सात-आठच असायच्या. बरं.

आणि हो, पश्चिमभूमी यांच्या जाळीचाही प्रयोग एका वाफ्यावर केला. पहिले पाच दिवस सूर्याच्या बेरजेपेक्षाही छान चालली. सहाव्या दिवशी दुपारी बारानंतर त्या वाफ्यावर मिस्ट बंद. वहिनी चक्कर मारायला गेली म्हणून सापडलं. जाळीवर बेडूक बसला होता.

---

काजूबोंडू | रविवार, रात्री ८:४१

बेडकाला गारवा लागला म्हणजे तुमचं चेंबर पास!

---

तांब्याची_तार | रविवार, रात्री ९:०२

जाळी अर्धा तास खालीच राहिली तर टायमर. ही ओळ राहिली होती ना?

---

दादाचा_धाकटा | रविवार, रात्री ९:०६

राहिली होती.